दोन पत्रं आणि बुधवारचा पूर

साधनाला ती दोन पत्रं आली तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि आपलं शिकायचं वय कधीच उलटून गेलं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. साल २००६, जुलैचा पहिला आठवडा. एक पत्र नेदरलँड्सहून आलं, जाड, गुळगुळीत पाकिटातून. दुसरं मुंबईहून, खाकी पाकिटातून, तिकीट जरा तिरकं चिकटवलेलं. दोन्हीकडे एकाच विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिची निवड झाली होती. विषयाचं नाव एवढं लांब की ऑफिसात ते कुणाला एका दमात म्हणता येईना. शहरी शाश्वतता आणि कारभार.

ती महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात तक्रारीच्या खिडकीवर बसायची. ही नोकरी तिला नवऱ्याच्या जागी मिळाली होती. ललित पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होता. सत्त्याण्णव साली पेठ रोडला मोटारसायकलवरून पडला आणि घरी आलाच नाही. तेव्हा साधना बारावी शिकलेली, पदरात पाच वर्षांची वैष्णवी. खिडकीवर बसल्या बसल्या तिने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आणि दुपारच्या वेळी तक्रारी कमी असत तेव्हा तिने आणखी एक उद्योग केला. शहराचा एक जुना नकाशा मिळवून त्यावर रोजच्या तक्रारींचे ठिपके द्यायला सुरुवात केली. पाणी आलं नाही, लाल. गढूळ आलं, तपकिरी. पाइप फुटला, निळा. चार वर्षांत तो नकाशा गोधडीसारखा भरून गेला. एकदा प्रशिक्षण द्यायला बाहेरून आलेल्या एका बाईंनी तो पाहिला आणि खुर्ची ओढून त्या तास दीड तास खिडकीजवळच बसल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्ही पुढे शिका." त्यांनीच नंतर अर्ज पाठवले, त्यांनीच ते भरून घेतले. साधनाने भरले, कारण त्यांना नाही म्हणायची भीड वाटली. निवड होईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ऑफिसात पेढे वाटले गेले. डेप्युटी इंजिनियर खैरनार साहेब स्वतः खिडकीपाशी आले. "मॅडम, यात विचार काय करायचा? सगळा खर्च तेच करणार, वर्षभराची रजा मी मंजूर करून आणतो. हॉलंड! अर्धा देश समुद्राच्या पातळीखाली आहे आणि तरी कोरडा! तिथे नाही शिकायचं तर कुठे?"

नामपूरहून भावाचा फोन आला. महेश कांद्याच्या व्यापारात होता, मार्केटमधूनच फोन करायचा, त्यामुळे मागे लिलावाचा गलका. बोलायचा अहिराणीत. "ताई, मुंबईनं नाव सुद्धा घेऊ नको! लोके परदेसमा जावाकरता मरतस. तुना नशीबमा शे ते, जाय!"

घरी मात्र वेगळंच झालं. घर म्हणजे मखमलाबादच्या वाटेवरचा दीड एकराचा मळा आणि मळ्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या. तिथे तिघीजणी राहत. साधना, नववीतली वैष्णवी आणि साधनाची सासू कुसाबाई. कुसाबाई चौसष्ट वर्षांची. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक मळ्यात काढायचा आणि पंचवटीत गंगेच्या काठी बसून विकायचा, हे तिने चाळीस वर्षं केलं होतं. नाशकात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. कुसाबाईच्या बोलण्यात तर गंगा एखाद्या शेजारणीसारखी यायची. आज गंगेचा नूर ठीक नाय, आज गंगा लय गप हाय.

दोन्ही पाकिटं हातात घेऊन कुसाबाईने आधी त्यांचं वजन पाहिलं. मग म्हणाली, "वाचून दाखव."

"इंग्रजीत आहे, आत्याबाई."

"मंग मराठीत वाच."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ओसरीत बसून कुसाबाई मेथीच्या जुड्या बांधायची, तेव्हा हे वाचन सुरू झालं. आठ दिवस चाललं. साधना एकेका विषयाचं नाव सांगायची आणि कुसाबाई हात न थांबवता प्रश्न विचारायची.

"शाश्वत म्हंजे?"

"टिकणारं."

"आणि तो कारभार?"

"कारभार म्हणजे कारभार. कोण ठरवतं, कसं ठरवतं, कुणाला विचारतं."

"मंग सरळ म्हणावं ना, शहर टिकवायचं कसं आणि कुणाला इचारून. एवढ्याला चार शब्द कशाला लागत्यात?" तिने जुडी दाताने गच्च आवळली. "पुढं."

"पाण्याचं व्यवस्थापन. कचऱ्याचं व्यवस्थापन. वाहतूक. शहराचा पैसा. हवामानातला बदल. लोकसहभाग."

"लोकसहभाग म्हंजे आमी?"

"हो."

"त्याला तास किती?"

साधनाने पान उलटून पाहिलं. नेदरलँड्सच्या अभ्यासक्रमात अठरा तास होते, मुंबईच्या कागदावर आकडाच नव्हता, नुसतं 'संपूर्ण दोन वर्षे' असं लिहिलं होतं. तिला ती छपाईची चूक वाटली.

खरं तर मुंबईचा तो कागद पाहून कुणाचंही मन वळलं नसतं. अभ्यासक्रम नवाकोरा, पहिलीच तुकडी. महिन्यातून दहा दिवस मुंबईत वर्ग, बाकीचे दिवस आपापल्या शहरात काम. होस्टेल एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. शिकवणाऱ्यांची नावं पाचच. नेदरलँड्सच्या पुस्तिकेत मात्र कालवे होते, सायकलींच्या रांगा होत्या, काचेच्या भिंतीचं ग्रंथालय होतं. शेवटच्या पानावर निरनिराळ्या देशांची माणसं पायऱ्यांवर बसून हसत होती. साधनाने ते पान किती वेळा उघडलं ते तिलाच ठाऊक. त्या पायऱ्यांवर उजव्या बाजूला एक जागा रिकामी होती, आणि तिथे आपण निळ्या साडीत बसलोय असं ती मनातल्या मनात पाहायची. ती कधी विमानात बसली नव्हती. आगगाडीनेही नाशिक रोडवरून मुंबईच्या पलीकडे कुठे गेली नव्हती.

आठव्या दिवशी कुसाबाईने निकाल दिला. "परदेशात जा. वर्साचा तर प्रश्न. पोरगी माझीबी हाय."

वैष्णवी अभ्यासाच्या वहीवरून मान न उचलता म्हणाली, "मम्मी, जा. पण रोज फोन कर. नाहीतर रविवारी तरी."

पोरीने रोजवरून रविवारवर यायला एक श्वासही घेतला नाही, आणि ते साधनाच्या काळजात रुतलं. उत्तर पंधरा ऑगस्टपर्यंत द्यायचं होतं. तिने होकाराचं पत्र लिहून ठेवलं, पाकिटात घातलं, पण टपालात टाकलं नाही. उद्या टाकू, असं म्हणत तीन आठवडे गेले.

ऑगस्टातल्या एका बुधवारची गोष्ट. बुधवारी गंगाघाटावर आठवड्याचा बाजार भरतो. पंचवटीतल्या रोजच्या विक्रेत्यांबरोबर त्या दिवशी लांबलांबची माणसं येतात, हरसूलकडच्या डोंगरातून नागली आणि रानभाज्या घेऊन बायका येतात. त्या दिवशी नाशकात लख्ख ऊन पडलं होतं. बऱ्याच दिवसांनी कपडे वाळतील असं ऊन. पण वर त्र्यंबकच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळत होता, आणि सकाळी दहापासून धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली.

पावसाळ्यात साधनाची ड्यूटी पूरनियंत्रण कक्षात लागायची. फोनवर आकडे यायचे, ते ती फळ्यावर लिहायची. आठ हजार क्यूसेक. बारा हजार. साडेअकराला फोन आला, अठरा हजार, आणि दुपारपर्यंत आणखी वाढवणार. सूचना द्यायची गाडी वेळेवर निघाली होती, घाटावरून तिसरी फेरी मारत होती. गाडीवरचा माणूस वायरलेसवर सांगत होता, "लोक उठत नाहीत. ऊन आहे म्हणतात. कसला पूर म्हणतात."

साधनाने फळ्याकडे पाहिलं. अठरा हजार क्यूसेक. तिला आकडा कळत होता. पण घाटावर मांडी घालून बसलेल्या, समोर भाजीचा ढीग असलेल्या बाईला अठरा हजार काय आणि ऐंशी हजार काय!

तिच्या पर्समध्ये एक छोटी वही असायची. नोकरीला लागल्यापासून दर पावसाळ्यात तिने त्यात एक नोंद ठेवली होती. त्या दिवशी धरणातून किती पाणी सोडलं, हे ऑफिसातून. आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी लागलं, हे संध्याकाळी कुसाबाईला विचारून. घाटावर नदीच्या पात्रातच उभा असलेला हा उंच मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. त्याच्या पायाला पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, असंच गावात बोलतात. वहीत नऊ पावसाळे होते. साधनाने पानं चाळली. आधीच्या अशाच एका दिवसासमोर तिच्याच अक्षरात होतं, 'कंबर. दोन तासांनी छाती.'

ती उठली आणि खैरनार साहेबांच्या टेबलावरच्या बाहेरच्या लाइनचा फोन उचलला. बाजारात मोतीरामचा एस.टी.डी. बूथ होता. नंबर पाठ होता.

"मोतीरामभाऊ, आमच्या आत्याबाईंना बोलवा. पळत बोलवा."

कुसाबाई फोनवर आली ती ओरडतच. "काय झालं? वैष्णू—?"

"वैष्णवी शाळेत आहे, ठीक आहे. ऐका. साडेबाराला मारुतीच्या कमरेला पाणी लागेल. दोनपर्यंत छातीला."

मग कुसाबाईने एवढंच विचारलं, "नक्की?"

"वहीत आहे."

फोन आपटल्याचा आवाज आला. नंतर काय झालं ते साधनाला पुढे अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितलं. कुसाबाई बूथच्या ओट्यावर चढली आणि चाळीस वर्षं 'मेथी घ्या' म्हणून तापलेला तो आवाज तिने सोडला. छातीला येणार! मारुतीच्या छातीला! उठा! आणि बाजार उठला. पाट्या डोक्यावर चढल्या, हातगाड्या वळल्या, चादरींची गाठोडी झाली. शेजारी बसणारी लताबाई कांद्याचं पोतं एकटीने ओढत होती, तिला दोघांनी हात दिला. पाऊणला पाणी कमरेला लागलं. साधनाचा अंदाज पंधरा मिनिटांनी चुकला होता.

नियंत्रण कक्षात हे काहीच कळत नव्हतं. गाडीवरच्या माणसाने सांगितलं, बाजार रिकामा झाला. मग सांगितलं की एक म्हातारी खाली परत गेली, डोंगराकडच्या बायकांना रस्ता माहीत नव्हता म्हणून. कोण म्हातारी ते त्याला माहीत नव्हतं. साधनाला माहीत होतं. ती फळ्यावर आकडे लिहीत राहिली. वीस हजार. बावीस. तिचं अक्षर एवढं गिचमिड झालं की साहेबांनी खडू तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "जा तुम्ही," ते म्हणाले. "मी बसतो."

खालचे पूल बंद झाले होते. लांबच्या पुलावरून वळसा घालून, अर्धं अंतर रिक्षाने आणि अर्धं पायी, ती घाटाच्या वरच्या पंचवटी कारंजा चौकात पोहोचली तेव्हा चार वाजत आले होते. गर्दीत ती एकेक लुगडं पाहत चालली. आणि कारंजाच्या कोपऱ्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर, कुसाबाई बसलेली दिसली. कमरेपर्यंत चिखल. गुडघ्याला फडकं बांधलेलं. समोर कोथिंबिरीचा ढीग, आजूबाजूला हरसूलच्या चौघी बायका आपापली पाटी मांडून. धंदा चालू होता.

साधना समोर जाऊन उभी राहिली.

"बस खाली," कुसाबाई म्हणाली. "हितं गिऱ्हाईक जास्त हाय."

साधना पायरीवर बसली आणि सासूचा चिखलाचा हात तिने दोन्ही हातांत धरला. कुसाबाईने तो सोडवून घेतला नाही. उजव्या हाताने तेवढी कोथिंबीर देत राहिली.

हरसूलच्या बायकांतली एक, अंबूबाई, मघापासून साधनाकडे पाहत होती. "तूच का ती फोनवाली?" तिने विचारलं. "बाई, ते गाडीवालं काय बोलत व्हतं? कुशेक कुशेक. ते काय असतंय?"

साधनाने तोंड उघडलं. एका सेकंदाला एक घनफूट पाणी, असं वाक्य तयार होतं. ते बाहेर आलं नाही. नऊ वर्षं ती हा शब्द फळ्यावर लिहीत होती आणि तो एका माणसाला समजेल असा आपल्याला सांगता येत नाही, हे तिला तिथे, त्या पायरीवर कळलं. "मला नीट सांगता यायला पाहिजे," ती म्हणाली. "आत्ता नाही येत."

होकाराचं पाकीट त्या रात्री तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत गेली आणि दोन्हीकडे एकच ई-मेल पाठवला. इंग्रजी तिचं स्वतःचं, वाकडंतिकडं. तिने बुधवारची सगळी हकीकत लिहिली आणि शेवटी विचारलं, मला शहराचे आकडे माणसांच्या भाषेत कसे आणायचे यावर काम करायचं आहे. माझा प्रबंध कोण वाचेल आणि तो बरोबर की चूक ते कोण ठरवेल?

नेदरलँड्सहून दोन दिवसांत उत्तर आलं. एका प्राध्यापकांनी आपुलकीने लिहिलं होतं. विषय फार महत्त्वाचा आहे, तुम्हाला आमच्याकडे पूरव्यवस्थापनाचे उत्तम तज्ज्ञ भेटतील, सहा आठवडे तुमच्या शहरात जाऊन माहिती गोळा करता येईल. प्रबंध इंग्रजीत असेल आणि तज्ज्ञांची समिती तो तपासेल.

मुंबईहून चौथ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाईंनी आधी उशिराबद्दल माफी मागितली होती, त्यांच्या इमारतीत वीज नव्हती. मग लिहिलं होतं, 'आमच्याकडे एक नियम आहे. तो आम्ही नवाच केला आहे आणि तो चालेल की नाही आम्हालाही माहीत नाही. अंतिम परीक्षा दोन ठिकाणी होते. एक आमच्यासमोर. दुसरी, ज्या माणसांविषयी तुम्ही लिहिलंत त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत. त्यांनी मान डोलवली नाही तर आम्ही पदवी देत नाही. तुमच्या बाबतीत, मला वाटतं, तुमच्या सासूबाई परीक्षक असतील.'

साधना सायबर कॅफेच्या त्या अरुंद खोक्यात बसून हसली आणि मग तिचे डोळे भरून आले, कारण पायऱ्यांवरची ती रिकामी जागा आता गेली होती. तिने नेदरलँड्सला नकाराचं पत्र लिहिलं. तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं.

घरी आल्यावर तिने कुसाबाईला सांगितलं, "मुंबईचं ठरवलं."

कुसाबाई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, काढली, विस्तव मागे ओढला आणि उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून तिचं बोलणं बंद झालं. साधना आली की ती मळ्यात जायची, साधना मळ्यात गेली की घरात. निरोप वैष्णवीमार्फत जायचे. "आजी विचारते, डबा नेणार का?" "आजीला सांग, हो." तीन दिवस असं गेल्यावर वैष्णवी कंटाळून म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा वाईट भांडता."

चौथ्या दिवशी सकाळी साधना पालकाच्या वाफ्यात गेली आणि सासूच्या समोर उकिडवी बसून तण काढायला लागली.

"मी हरसूलला जाते," शेवटी कुसाबाईच बोलली. "ती अंबूबाई बोलावती. चार म्हयने ऱ्हाते तिच्याकडं, वैष्णूलाबी नेते, तिथं शाळा हाय. मी हितं नसले की तू जाशील."

"आत्याबाई—"

"गुडघ्याला लागलं माझ्या, ते पाहून तू पाय मागं घेतलास. मला काय कळत नाय? ललित गेला तवा मी तुला सांगितलं व्हतं, माहेरी जा, तुझा भाऊ हाय, वय हाय, दुसरं घर कर. तू ऱ्हायलीस. माझ्यासाठी ऱ्हायलीस. ते मी नऊ वर्सं गळ्यात घेऊन हिंडतीय." तिने उपटलेलं तण जोरात बांधावर फेकलं. "आता आनखी एक नको मला."

साधनाला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं एका घरात, एका चुलीवर जेवून माहीत नव्हतं. ती खुरपं ठेवून मातीतच बसली.

"खरं सांगू? तेव्हा मी तुमच्यासाठी नव्हते राहिले," ती म्हणाली. "वहिनीच्या घरात मला कोपरा मिळाला असता, एवढंच. इथे माझी नोकरी होती, आणि तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की कुठे चाललीस, कधी येशील. मी माझ्यासाठी राहिले. तुम्ही आवडायला लागलात ते नंतर. दोन-तीन वर्षांनी."

"दोन-तीन वर्सांनी?" कुसाबाईने मान वर केली.

"सुरुवातीला फार ओरडायचात तुम्ही."

कुसाबाईच्या तोंडाची कड जरा हलली.

"आणि आत्ताचं?" तिने विचारलं. "आत्ताचं सांग. खोटं बोलू नको. वाफ्यात बसलीयस."

साधनाने विचार केला. प्रश्न सोपा नव्हता, आणि गेले चार दिवस तो तिने स्वतःला विचारायचं टाळलं होतं. "थोडी भीती आहे," ती म्हणाली. "एकटीने एवढ्या लांब जायची. वैष्णवीला सोडायची. तुमच्या गुडघ्याचंही आहे थोडं. नाही कसं म्हणू? पण तेवढंच असतं ना, तर मी भीत भीत गेले असते. मी पाकीट तयारच केलं होतं. मला त्या अंबूबाईला सांगायचंय, आत्याबाई. क्यूसेक म्हणजे काय ते. तिला कळलं की नाही, हे तिनेच मला सांगायला पाहिजे. हॉलंडमधले साहेब नाही सांगू शकणार. आणि मुंबईच्या त्या बाई म्हणतात, परीक्षा तुम्ही घ्यायची."

"कुनी?"

"तुम्ही. बाजारातल्या सगळ्यांनी. तुम्ही मान डोलवली नाहीत तर मी नापास."

कुसाबाईने हे बराच वेळ डोक्यात घोळवलं. "लताबाईनं बी?"

"लताबाईंनी पण."

"ती कुनालाच मान डोलवत नाय," कुसाबाई म्हणाली, आणि खुरपं उचलून पुढच्या सरीला लागली. थोड्या वेळाने पाठमोरीच बोलली, "डबा नेनार का?"

ऑक्टोबरात साधना सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने पहिल्यांदा वर्गाला गेली. होस्टेलच्या खोलीत पंखा होता पण फिरत नव्हता. वर्गात अकराजण होते. वयाने तीच सगळ्यांत मोठी, आणि पहिले सहा महिने तिला निम्मंच समजायचं. रविवारी ती घरी फोन करायची तेव्हा वैष्णवी अभ्यासाचं सांगायची आणि कुसाबाई पाण्याचं. कधी कधी, वाचनालयात कुठल्याशा परदेशी अहवालात कालव्याचं चित्र दिसलं की साधना पान उलटायची थांबायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी परीक्षा झाली. मुंबईची आधी झाली, ती बरी गेली. दुसरी पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात, सोमवारी दुपारी, कारण सोमवारी गिऱ्हाईक कमी असतं. सत्तर-ऐंशी बायका आल्या होत्या, काही पुरुष, आणि मुंबईच्या त्या बाई मागे सतरंजीवर वही घेऊन बसलेल्या. साधनाने मोठे कागद भिंतीला लावले. पाण्याचे आकडे तिने पाट्यांत आणले होते, टँकरांत, घाटाच्या पायऱ्यांत, आणि किती सोडलं की किती वेळात ते घाटावर पोहोचतं ते जेवायच्या, चहाच्या, शाळा सुटायच्या वेळांत. अंबूबाई हरसूलहून मुद्दाम आली होती. तिने दोनदा प्रश्न विचारले आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "आता समजलं." कुसाबाई पहिल्या रांगेत बसली होती, इरकल नेसून, आणि एका कागदावरची एक पायरी चुकीची आहे, असं तिने सर्वांसमोर सांगितलं. ती खरंच चुकली होती.

शेवटी लताबाई उठली. "समदं ठीक हाय," ती म्हणाली. "पन एक सांग. पानी येनार हे आमाला कळलं. आमी उठलो. मंग बसायचं कुठं? त्या दिवसाचा धंदा कुठं करायचा? ते हाय का तुझ्या कागदात?"

मुंबईच्या बाई लिहायच्या थांबल्या. साधनाने भिंतीवरच्या कागदांकडे पाहिलं, एकेक करून, जणू कुठेतरी ते असेल.

"नाही," ती म्हणाली. "हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला माहीत नाही, लताबाई. मी शोधते आणि तुम्हाला येऊन सांगते."

लताबाई तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने मान हलवली. होकाराची होती की नुसतीच, ते कुणाला कळलं नाही, पण मुंबईच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

संध्याकाळी दोघी रिक्षाने घरी निघाल्या. कुसाबाईच्या मांडीवर कागदांची गुंडाळी होती, ती तिने कुणाला धरू दिली नाही. मखमलाबाद नाक्यापाशी ती म्हणाली, "म्हाईत नाय म्हनालीस, ते लय बरं केलंस. मला वाटलं, आता ही काहीतरी ठोकून देनार."

"मनात आलं होतं," साधना म्हणाली.

"मला दिसलं." कुसाबाईने गुंडाळी नीट धरली. "लताबाई इचारती ती बसायची जागा मी दावीन तुला. कारंजाच्या मागं एक मोकळं अंगन हाय. उद्या सकाळी चल माझ्यासंगं, मोजून घेऊ."